सलूनपर्यंतचा आवाज

थोरल्याने ती बातमी सांगितली तेव्हा मालकीणबाई मोज्यांच्या जोड्या लावत बसल्या होत्या. हे काम त्या दुसऱ्या कुणाला देत नसत. या घरात आपल्याखेरीज कुणाला दोन सारखे मोजे ओळखता येतात यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"आई, आम्ही जावं म्हणतोय," थोरला म्हणाला.

"बाजारात ना? मग येताना साबण आण. मागच्या वेळेसारखा वासाचा नको, फेसाचा आण."

"बाजारात नाही. कायमचं. नदीपलीकडची ती मोठी लाँड्री आहे ना, त्यांनी दोघांनाही बोलावलंय. मला मशीनवर, हिला इस्त्रीच्या खात्यावर मुख्य म्हणून. वरच राहायला खोल्या देतायत. त्यांचा मॅनेजर येणार आहे पुढच्या आठवड्यात, उत्तर घ्यायला."

"आणि उत्तर काय आहे?"

"ही हो म्हणते. मी म्हणतो की..."

थोरल्याचं वाक्य नेहमी इथेच अडायचं. लग्नाआधी ते आई पुरं करायची, लग्नानंतर बायको. आज बायको तिथे नव्हती, आणि आईने आयुष्यात पहिल्यांदाच एका काळ्या मोज्याला गडद निळा मोजा जोडून बाजूला ठेवला.

"जा," त्या म्हणाल्या. "लाँड्री काही तुमच्या जिवावर उभी नाही."

हे खोटं होतं, आणि थोरल्यालाही ते माहीत होतं. मशीनच्या पोटात काय बिघडलंय ते तो नुसता कान लावून सांगायचा. आणि थोरल्या सुनेसारखी इस्त्री फिरवणारी बाई मालकीणबाईंनी दुसरी पाहिली नव्हती. सून म्हणून तिला पसंत केली तीसुद्धा तिच्या मनगटाकडे बघून. चेहरा नंतर बघितला. हे दोघं गेले तर मागे राहणार कोण? धाकटा, ज्याला गाडी चालवण्यापलीकडे काही येत नाही, आणि त्याची बायको धाकटी, जिला तेवढंही येत नाही. शिवाय थोरला म्हणजे पोटचा पोर. सकाळी त्याचा चहा थंड झालेला दिसला नाही तर मालकीणबाईंना दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नसे. पण हे असलं काही त्या बोलून दाखवत नसत. बोलायला त्यांच्याकडे दुसरं पुष्कळ होतं.

लाँड्री म्हणजे एक लांबोडकी खोली. मागच्या भिंतीला मशीन, मध्ये इस्त्रीचं लांब टेबल, रस्त्याच्या बाजूला काउंटर. घड्या घालायचं टेबल मात्र मालकीणबाईंनी अगदी मधोमध मांडून घेतलं होतं, जिथून सगळं दिसतं आणि जिथलं सगळ्यांना ऐकू जातं. काम कसं करून घ्यायचं याची त्यांची एक पद्धत होती. इस्त्रीच्या टेबलावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग चढला की त्या थोरलीवर ओरडायच्या, "अगं, डोंगर झालाय, आता काय त्यावर झेंडा लावायचा का?" ढीग संपला की थोरल्यावर ओरडायच्या, "इस्त्री रिकामी बसलीये रे! तुझ्या मशीनला काय पेन्शन लागलं?" कामाला अशी दोन्हीकडून आच लावली की ते पटापटा होतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

व्हायचं ते असं. ढिगावरून बोलणी खाल्ली की थोरली तापायची. तापली की तिची इस्त्री अशी धडाधड चालायची की बघता बघता टेबल साफ. मग मालकीणबाई थोरल्याकडे वळायच्या. तो बिचारा घाबरून सगळी मशीन एकदम उघडायचा आणि ओल्या-सुक्या कपड्यांचा लोंढा टेबलावर येऊन पडायचा. थोरली नवऱ्याला म्हणायची, "माझ्यावर सूड घेताय का?" तो म्हणायचा, "आईने सांगितलं." ती म्हणायची, "आईने विहिरीत उडी मारायला सांगितली तर?" तो खरोखरच विचार करायला लागायचा, आणि त्याचा तो विचार बघून ती इस्त्री बंद करून, हाताची घडी घालून खुर्चीत बसायची. ढीग वाढत राहायचा. मालकीणबाई पुन्हा सुरू. ती पुन्हा तापून उठायची. रोज हेच, आणि दिवसातून एकदा नव्हे.

समोर सलून होतं. मालकीणबाई सुरू झाल्या की सलूनवाला वस्तरा उचलून बाजूला धरायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "दोन मिनिटं थांबा, हात हलतो."

धाकटी सून काउंटरवर बसायची. तिला तिथे बसवण्याचं कारण एवढंच की तिथे काही बिघडवण्यासारखं नव्हतं. ती शिकलेली होती. शिकलेली म्हणजे अजून शिकतच होती. मालकीणबाईंना कळेना की पोरीला आणखी किती शिल्लक आहे. त्या स्वतः शाळेत गेल्या त्या नाव लिहिता येईपर्यंत. ते आल्यावर त्यांनी शाळा सोडली, आणि तेवढ्यावर इतकी मशीन उभी केली. ही मात्र दिवसभर गोल काढायची. कधी अंड्यासारखे, कधी पिळवटलेले, आणि प्रत्येक गोलावर एक बाण.

"पोरगी हुशार आहे," मालकीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "लग्नाला इतके दिवस झाले, अजून एक गोल नीट जमलेला नाही, पण जिद्द सोडत नाही."

त्या दिवशी मोजे तसेच टाकून मालकीणबाई काउंटरवर आल्या. थोरली मागे इस्त्री आपटत होती. धाकटी मान वर न करता हळूच म्हणाली, "आई, ते जातील असं मला वाटतच होतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगितलं कुणी नाही. वहिनींचं खुर्चीत बसणं लांबत चाललंय. आधी जरा बसून उठायच्या. आता दर खेपेला जास्त बसतात. गोल तुटायच्या आधी असंच होतं."

"कसला गोल?"

धाकटीने तेलकट डागांवर घासायचा खडू घेतला आणि काउंटरच्या काळ्या लाकडावर दोन रेघा काढल्या, एक आडवी, एक उभी.

"आडवी म्हणजे ढीग. इकडे गेलं की ढीग मोठा. उभी म्हणजे वहिनींचा राग. वर गेलं की राग जास्त. आता एका वेळी ढीगही असतो आणि रागही असतो, म्हणून ठिपका एकच. वेळ जातो तसा ठिपका सरकतो."

"राग कसा मोजलास गं? वजनकाट्यावर बसवलंस तिला?"

"इस्त्री ठेवल्याच्या आवाजावरून."

मोजमाप बरोबर होतं. मालकीणबाई स्वतःही तसंच मोजायच्या.

धाकटीचा खडू चालू झाला. ढीग वाढला, ठिपका उजवीकडे. राग चढला, ठिपका वर. रागाने ढीग संपला, ठिपका डावीकडे. हाती काम नाही, राग उतरला, ठिपका खाली. पुन्हा ढीग. खडू फिरून निघाल्या जागी आला.

"हा आपल्या लाँड्रीचा दिवस. माझा सगळा अभ्यास याचाच आहे आई. दोन गोष्टी एकमेकींच्या मागे धावतात आणि फिरून तिथेच येतात, ती वाट. आवर्ती कक्षा म्हणतात तिला. आणि बाहेरचं एक बटण फिरवलं की ती वाट कशी बदलते ते बघायचं. बटणाला म्हणतात प्राचल."

"प्राचल म्हणे! नाव ऐकूनच माणसाला ढेकर यावा. मग काय होतं बटण फिरवलं की?"

"बटण बारीक असेल तर गोलच नसतो. ढीग थोडा वाढला, वहिनी थोड्या चिडल्या, हात जरा भरभर चालला, झालं. ठिपका फिरत फिरत मध्ये येऊन बसतो. रोजचं काम, रोजचा थोडा ढीग, कुणाचं काही म्हणणं नाही. बटण वाढवत नेलं की एका ठिकाणी ते मध्ये बसणं मोडतं आणि ठिपका उडून मोठ्या गोलावर जातो. बटण आणखी वाढवलं की गोल आणखी फुगतो. फुगता फुगता तो इथे येतो." तिने उजवीकडच्या कोपऱ्यात एक फुली केली. "इथे ढीग मोठा आहे आणि वहिनी खुर्चीत. या फुलीपाशी ठिपका रेंगाळतो. गोल जितका फुलीजवळ जाईल तितकं रेंगाळणं जास्त. आणि फुलीला टेकला की..."

"की काय?"

"गोल उरत नाही. ठिपका तिथून परत वळत नाही, बाहेर निघून जातो."

"नदीपलीकडे," मालकीणबाई म्हणाल्या.

"हो."

मालकीणबाईंनी खडूच्या रेघांकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "आणि हे बटण कुणाच्या हातात आहे?"

धाकटी खडूच्या रेघांची टोकं बोटाने पुसायला लागली.

"बोल की. थोरल्याच्या?"

"हातात नाही, आई," धाकटी म्हणाली. "तोंडात आहे."

समोर सलूनवाल्याने वस्तरा उचलून धरला तो बराच वेळ. त्यानंतर जे झालं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. त्यात धाकटीचं शिक्षण, तिच्या माहेरचं शिक्षण, शाळा नावाची गोष्ट ज्याने काढली तो माणूस, आणि चांगल्या काउंटरवर खडू घासणाऱ्यांचं काय होतं, हे सगळं येऊन गेलं. धाकटी खाली मान घालून ऐकत होती. शेवटी मालकीणबाई दम घ्यायला थांबल्या तेव्हा ती म्हणाली, "हा आत्ताचा सलूनच्याही पुढे गेला. चौकापर्यंत."

"म्हणजे?"

"बटण असं मोजते मी. तुमचा आवाज कुठवर जातो यावर. टेबलापर्यंत, दारापर्यंत, सलूनपर्यंत, चौकापर्यंत. दारापर्यंत असतो तोवर ठीक चालतं. सलूनपर्यंत गेला की मोडतं."

तेवढ्यात मागे इस्त्रीचा धडधडाट थांबला. थोरली खुर्चीत बसली होती. मालकीणबाईंनी बघितलं, आणि ती किती वेळ बसते तेही बघितलं. पुष्कळ बसली.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि सकाळी त्यांनी ठरवून टाकलं. हात टेकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण सलूनपर्यंत जाणारा आवाज दारापर्यंत आणणं म्हणजे काही हात टेकणं नव्हे. ती काटकसर. काटकसरीत त्यांच्यासमोर कोण उभं राहणार!

दोन दिवस त्यांनी ती केली. "डोंगर झालाय" हे त्या असं बोलल्या की रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू गेलं नसतं. त्यासाठी त्यांना दर वेळी टेबलाची कड धरावी लागायची. आणि फरक? शून्य. थोरली तशीच तापायची, थोरला तसाच लोंढा सोडायचा, तशीच भांडणं, तशीच खुर्ची.

"बुडालं तुझं गणित," मालकीणबाई धाकटीला म्हणाल्या. "तूच म्हणालीस दारापर्यंत ठीक चालतं. गेले दोन दिवस दाराच्या उंबऱ्याबाहेर माझा शब्द गेला नाही. विचार सलूनवाल्याला, बिचारा काळजीत आहे."

जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर आला आणि तसाच विरला. गणित बुडालं म्हणजे थोरला चालला.

"बुडालं नाही, आई," धाकटी म्हणाली. "मी अर्धंच सांगितलं, तुम्ही पुढचं ऐकून घेतलं नाहीत. चढताना दारापर्यंत ठीक होतं, कारण तेव्हा ठिपका मध्ये बसलेला होता. आता तो बाहेरच्या मोठ्या गोलावर आहे. तो तिथे एकदा पोचला की बटण थोडं मागे घेऊन उतरत नाही. जिथे मोडलं त्याच्या पुष्कळ खाली यावं लागतं. मग कुठे तो गोल नाहीसा होतो. चढायची जागा वेगळी, उतरायची वेगळी."

"म्हणजे मी मोडलं सलूनपाशी आणि भरपाई करायची कुठे?"

"टेबलाच्याही आत."

"टेबलाच्या आत म्हणजे काय गं? मी माझ्या स्वतःशी बोलू?"

"तेही मनात बोललात तर बरं."

मालकीणबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर काउंटरखाली गेली असती. मग त्या घड्यांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनी तोंड मिटलं.

सगळ्यात आधी थोरला घाबरला. थोड्या वेळाने तो मिठाचं गरम पाणी घेऊन आला. "आई, घसा धरला का?" धाकटा गाडी लावून आत आला आणि दारातूनच ओरडला, "आई पडली का कुठं?" मालकीणबाईंनी नुसती मान हलवली. ते बघून धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. आईने मान हलवून उत्तर देणं म्हणजे नक्की काही तरी मोठं दुखणं.

आणि थोरली? ती तर आणखीच ताठली. ढीग चढला, आता ओरडतील, मग ओरडतील, म्हणून ती एक कान मागे ठेवून इस्त्री करत होती, आणि ओरडा येईना तसतशी इस्त्री जास्त आपटत होती. शेवटी ती धाकटीला म्हणाली, मुद्दाम मोठ्याने, "माझ्याशी बोलायचं नसेल तर तसं सांगावं माणसाने. टोमणे मारतात ते परवडलं. त्यात निदान माणूस म्हणून धरतात."

धाकटी कपडे मोजण्याच्या निमित्ताने घड्यांच्या टेबलापाशी आली आणि कुजबुजली, "आई, ती कात्री."

मालकीणबाईंनी हाताकडे बघितलं. सुतळी कापायची कात्री त्या मघापासून टेबलावर ठेवत होत्या. ठेवत म्हणजे आपटत.

"कात्रीपण मोजतेस?" त्यांनी दातांतून विचारलं.

"कात्री, खाकरणं, चष्म्यावरून बघणं. आणि भुवया."

"भुवया काढून ठेवू का मग?"

"त्यापेक्षा तुम्ही जरा मागच्या अंगणात बसलात तर..."

स्वतःच्या लाँड्रीतून स्वतःला हाकलून लावण्याचा प्रसंग फार थोड्या माणसांवर येतो. मालकीणबाई उठल्या, वाळत घालायच्या चादरींची बादली उचलली आणि मागच्या दाराने बाहेर गेल्या. मालकीण झाल्यापासून त्यांनी दोरीला हात लावला नव्हता. अंगणात चार दोऱ्या, ऊन चांगलं, आणि ऐकायला कुणी नाही. पहिली चादर त्यांनी अशी झटकली की पाणी भिंतीवर उडालं.

पुढचे दिवस त्या तिथेच राहिल्या. धाकटी अधूनमधून बातमी द्यायला यायची.

"आज वहिनी खुर्चीत बसल्या, पण लगेच उठल्या."

"पाय दुखत असतील."

"आज बसल्याच नाहीत. भाऊजींनी एकदम सगळी मशीन उघडली नाहीत. एक उघडलं, टेबलाकडे बघितलं, मग दुसरं."

"त्याला बघता येतं?"

आणि एका दुपारी ती आली ती हसत. "आई, ढीग गुडघ्याएवढा आहे. हलतच नाही. वहिनी करतात तेवढंच येतं, येतं तेवढंच करतात. ठिपका मध्ये जाऊन बसला."

मालकीणबाईंनी ओली चादर पिळली. ती मशीनमधून पिळूनच आली होती, तरी त्यांनी तिच्यातून आणखी चार थेंब काढले.

"छान," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी नसताना चालतं तर."

धाकटीने बादली त्यांच्याजवळ सरकवली. मग म्हणाली, "आता तुम्ही आत येऊ शकता. बोलूही शकता. दारापर्यंत."

"त्याच दारापर्यंतच्या आवाजाने त्या दोन दिवसांत आग विझली नव्हती."

"तेव्हा तुम्ही वरून खाली आला होतात. आता खालून वर याल. बटण तेच, पण आता ठिपका मध्ये बसलाय. तो जागचा हलणार नाही. फक्त मोठा धक्का बसायला नको. मोठ्या धक्क्याने उडाला तर पुन्हा त्याच गोलावर जाऊन बसेल."

मालकीणबाईंचा विश्वास नव्हता. पण इतके दिवस न बोललेलं त्यांच्या पोटात असं साठलं होतं की विश्वास बसायची वाट बघणं शक्य नव्हतं. त्या आत आल्या, घड्यांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या, आणि बरोबर दारापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "अभ्र्याला अशी चूण पडते का कधी? उशी आहे की म्हातारीचं कपाळ?"

थोरलीने मान वळवली. अभ्रा उलटून बघितला. "बघते हं आई," म्हणाली, आणि चूण काढली. इस्त्री खाली ठेवली त्याचा आवाजसुद्धा आला नाही.

मालकीणबाईंना वाटलं, आपल्याला पुन्हा दात आले. त्या दिवशी त्यांनी सुखाने बोलून घेतलं, मोजून, दारापर्यंत. थोरला दोनदा हसला. चहा थंड करून प्यायला. जाण्याचा विषय मात्र कुणी काढला नाही, आणि मॅनेजर यायचा दिवस जवळ येत राहिला.

तो आला नेमका त्याच दिवशी ज्या दिवशी धाकटा गाडी भरून दारात उभा राहिला. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये वरच्या मजल्याचा नळ फुटून सगळ्या खोल्यांत पाणी शिरलं होतं. चादरी, पडदे, गाद्यांची कव्हरं, टॉवेल, सगळं चिखलाचं. धाकटा गठ्ठ्यांवर गठ्ठे आत फेकत होता. थोरल्याचं डोकं गेलं. त्याने असतील नसतील ती मशीन लावली आणि जे निघेल ते टेबलावर ओतायला सुरुवात केली. पडदे थोरलीच्या छातीपर्यंत आले. तिने नवऱ्याकडे बघितलं. इस्त्री बंद केली. हाताची घडी घातली आणि खुर्चीत बसली.

काउंटरवर कडक कॉलरचा एक माणूस टेकून उभा होता. "मी नदीपलीकडून आलोय," तो धाकटीला म्हणाला. "उत्तर घ्यायला." मग ढिगाकडे बघून हसला. "बरोबर वेळेला आलो वाटतं."

धाकटीने मालकीणबाईंकडे बघितलं. सांगण्याची गरज नव्हती. धक्का कशाला म्हणतात ते मालकीणबाईंना समोर दिसत होतं. आणि त्यांना हेही कळत होतं की त्यांच्या पोटातून एक वाक्य वर यायला निघालंय. त्यात थोरला होता, खुर्ची होती, कडक कॉलर होती. ते वाक्य दारात थांबणारं नव्हतं. सलूनही त्याला पुरलं नसतं. ते चौक ओलांडून गेलं असतं.

मालकीणबाईंनी खिडकीतल्या डब्यात हात घातला, मूठभर चिमटे काढले, ते सगळे एका वेळी तोंडात धरले, आणि ओल्या चादरींची बादली घेऊन अंगणात गेल्या.

थोड्या वेळाने मागचं दार वाजलं. थोरली आली होती.

"आई, तो मॅनेजर आलाय."

मालकीणबाईंनी मान हलवली.

"काय सांगू त्याला?"

तोंडात चिमटे. दोन्ही ओठांतून लाकडी टोकं बाहेर आलेली.

"एरवी मशीनची झाकणं उडतील एवढं बोलता. आज मी विचारतेय तर चिमटे?"

मालकीणबाईंनी ओल्या चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. थोरलीने ते घेतलं, कारण समोर आलेलं कापड हातात घेणं तिच्या हाडात होतं. दोघींनी चादर ताणली, दोरीवर टाकली. मालकीणबाईंनी तोंडातला एक चिमटा काढून लावला. मग दुसरी चादर. मग तिसरी.

तिसऱ्या चादरीच्या आडून थोरली बोलली. चेहरा दिसत नव्हता, म्हणून कदाचित. "तिकडे मला खातं देतायत. मुख्य. इथे मी कोण आहे? हे मशीनमधून पाठवणार, तुम्ही मधून बोलणार, आणि मी जे येईल त्याच्याखाली गाडून घेणार. मला वरच्या खोल्यांचं काही नाही हो. मला एवढंच सांगा, ते इस्त्रीचं टेबल माझं आहे की तुमचं?"

मालकीणबाईंच्या तोंडात अजून दोन चिमटे होते. ते त्यांनी काढले. टेबल त्यांनी स्वतः जुन्या दारांच्या फळ्या जोडून करून घेतलं होतं. त्यावर पहिली इस्त्री त्यांनी फिरवली होती. त्याचा कुठला पाय लंगडा आहे ते अंधारात सांगता आलं असतं.

"तुझं," त्या म्हणाल्या. आवाज चादरीच्या पलीकडेसुद्धा जेमतेम गेला.

"मग मशीन केव्हा उघडायचं तेही मी सांगणार."

हे मात्र मालकीणबाईंना गिळायला वेळ लागला. चादर वाऱ्याने हलली. "सांग," त्या म्हणाल्या.

थोरली आत गेली. अंगणात तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. "अहो, ती दोन बंद करा. पडदे शेवटी. आधी टॉवेल, त्यांना इस्त्री लागत नाही. मी हात वर करेन तेव्हा एक मशीन, तोवर झाकणाला हात लावायचा नाही." थोरल्याने विचारलं, "आणि आई?" ती म्हणाली, "आईंशी माझं बोलणं झालंय." मग काउंटरच्या दिशेने, "आणि तुम्ही तिथे टेकून उभे राहू नका, काउंटरवर डागाचा खडू आहे, कपड्यांना लागेल. उत्तर नाही असं आहे. आम्ही इथेच आहोत."

कडक कॉलर काही तरी म्हणाली. ते मालकीणबाईंना ऐकू आलं नाही. थोरलीचं उत्तर ऐकू आलं, आणि ते ऐकून त्यांनी मनातल्या मनात मान डोलावली. वाक्यात एक शब्द जास्त होता, तो काढला असता तर आणखी लागलं असतं. पण पोरगी शिकेल.

ऊन कडक होतं. आधी घातलेल्या चादरी वाळल्या होत्या. मालकीणबाईंनी त्या उतरवल्या, हातावर घेतल्या आणि आत आल्या. टेबलावर ढीग होता, पण तो हळूहळू खाली येत होता. थोरला एका मशीनच्या झाकणावर हात ठेवून बायकोकडे टक लावून बघत उभा होता. तिचा हात वर होण्याची वाट बघत.

मालकीणबाई टेबलाशी थांबल्या. आणि त्यांनी एक गोष्ट विचारली जी या खोलीत त्यांनी आजवर कुणालाच विचारली नव्हती.

"ह्या कुठं ठेवू?"

थोरलीने मान वर केली नाही. "तिथं नको. इकडे, डाव्या हाताला."

डावी बाजू चुकीची होती. डावीकडून वाफ येते, चादरी पुन्हा दमट होतात, हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं. मालकीणबाईंनी तोंड उघडलं. धाकटी काउंटरवरून त्यांच्याकडे बघत होती.

त्यांनी चादरी डावीकडे ठेवल्या आणि उरलेल्या आणायला गेल्या.